देठाच्या बाजूचे आप्पा

सहा फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळचे पाच. मंडळाच्या खात्यावर शिल्लक एक लाख बारा हजार चारशे रुपये. हजर तेरा जण : अध्यक्ष भटू आप्पा, खजिनदार मी, संघाचा कप्तान विकास आणि वर्गणी भरणारे दहा सभासद. जागा नेहमीचीच, कोरीट रस्त्यावरच्या मिरची पथारीच्या कडेची पत्र्याची शेड. विषय होता येत्या मे महिन्यातल्या स्पर्धेसाठी बाहेरून तीन खेळाडू आणायचे की नाहीत. तिघांची मिळून मागणी साठ हजारांची होती. एवढं मी त्या दिवशी वहीत लिहिलं. जे लिहिलं नाही ते आज लिहायला बसलो आहे, कारण भटू आप्पांची आणि माझी ती शेवटची भेट ठरली.

नंदुरबारबाहेर राहणाऱ्यांसाठी आधी पथारीचं सांगतो. हिवाळाभर ओली लाल मिरची ज्या मोकळ्या, सपाट जागेवर वाळत घालतात ती पथारी. आमची पथारी चार एकरांची आहे, एका आडत्या शेठच्या मालकीची. मिरची उचलली की मार्चपासून पावसाळ्यापर्यंत ती रिकामी असते आणि तिच्यावर आम्ही फुटबॉल खेळतो. तीस वर्षांहून जास्त हे चाललं आहे. नोंदणी करताना मंडळाला एक चांगलं नाव दिलं होतं, ते कागदावरच राहिलं. सगळे आम्हाला पथारी संघ म्हणतात. माती लालसर, चेंडू लालसर, पोरांचे मोजे लालसर. दोन सामन्यांनंतर पांढरा चेंडू पांढरा राहत नाही.

पंधरा तारखेला, रविवारी, सकाळी सव्वासातला विकासचा फोन आला. मी अंगणात मोटारसायकल पुसत होतो. "नाना, आप्पा गयात," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, किती वाजता? माणूस गेल्यावर वेळ विचारून काय करायचं असतं... पण माझ्या तोंडून तेच आलं. सहा वाजता, तो म्हणाला, चहा पिऊन झाल्यावर. आप्पांच्या पत्नी कमलवहिनी कप उचलायला आल्या तेव्हा ते खुर्चीतच होते. मी फडकं वाळत टाकलं, हात धुतले आणि निघालो. वाटेत पथारी लागते. तिच्यावर अजून मिरची होती आणि बाया देठ खुडत बसल्या होत्या.

आप्पा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, म्हणजे चौसष्टचे. विहिरीवरच्या मोटारी रिवायंडिंग करण्याचं त्यांचं दुकान होतं. दुकानाच्या दारात तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि एक लाकडी बाक. त्या बाकावर बसून पथारी संघाची अर्धी चर्चा झालेली आहे. तरुणपणी ते बॅकला खेळत, अनवाणी. आमचे गोलपोस्ट त्यांनीच बोअरच्या टाकाऊ पाइपांपासून वेल्डिंग करून घेतलेले. डावीकडचा पोस्ट उजवीकडच्यापेक्षा दोन इंच बुटका आहे. मी टेप लावून त्यांना ते दाखवलं होतं. ते म्हणाले, गोलकीपरला माहीत नाही तोवर चालतं.

मी बावीस वर्षांचा असताना आडत दुकानात हिशोब लिहायला लागलो. खेळता मला कधीच आलं नाही, बघायला मात्र रोज जायचो. एकदा संघ टेम्पोतून खापरला सामना खेळायला गेला. मीही मागे बसलो होतो. वर्गणी दोनशे चाळीस जमली होती. परत येताना मी मनातल्या मनात खर्च मांडला : टेम्पो, लिंबू, बर्फ, भजी. दोनशे छत्तीस होत होते. मी विचारलं, चार रुपये कुठे गेले? टेम्पोतले सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी खिसे चाचपले, मग ड्रायव्हरला विचारलं, मग आठवलं की नाक्यावर हवा भरली होती. "हाऊ पोऱ्या चार रुप्यासाठे रातभर झोपाव नही," ते म्हणाले. "याले खजिनदार करी टाका." आणि खरोखरच केलं. तेव्हापासून मंडळाची वही माझ्याकडे आहे.

आमच्याकडच्या स्पर्धांमध्ये बाहेरचा खेळाडू आणण्याची रीत जुनी आहे. त्याला पाहुणा म्हणतात. बुऱ्हाणपूर, सुरत, धुळे अशा ठिकाणचा एखादा चांगला फॉरवर्ड आठवड्यासाठी बोलवायचा, कोणाच्या तरी घरी उतरवायचा, जेवूखाऊ घालायचं. ठरलेल्या रकमेतली निम्मी आल्यावर, निम्मी शेवटच्या सामन्यानंतर. कागद होत नाही, तोंडी ठरतं. पाहुणा आणावा की नाही यावरून आमच्यात दर वर्षी दोन तट पडायचे, आणि तीस वर्षं आप्पा एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला होतो. माझं म्हणणं साधं होतं. पथारी आपली नाही. आज ना उद्या शेठ प्लॉट पाडणार. त्या दिवशी दुसरी जागा भाड्याने घ्यायला गाठीला पैसा हवा. आठ दिवसांच्या पाहुण्यावर वर्षभराची वर्गणी उडवली आणि पहिल्याच फेरीत बाद झालो तर पुढच्या वर्षी चेंडूही उधार आणावा लागेल. आप्पांचं म्हणणं होतं की जिंकणाऱ्या संघाला लोक स्वतःहून वर्गणी देतात, हरणाऱ्याला मागूनही देत नाहीत. "तिजोरीमा पडेल पैसा गोल करत नही, नाना," असं ते बाकावर बसून शांतपणे म्हणायचे आणि मोटारीचं झाकण उघडायचे.

एका वर्षी या वादातून दोन सभासद हातघाईवर आले. तेव्हा आप्पांनी मतदान सुरू केलं. घरून एक तांब्या आणला, तोंड अरुंद, आतलं दिसत नाही असा. प्रत्येकाने मूठ मिटून आत हात घालायचा. पैसा लावायचा असेल तर मिरचीचा देठ टाकायचा, राखायचा असेल तर ज्वारीचा दाणा. कोणी काय टाकलं ते विचारायचं नाही, सांगायचंही नाही. पुढे पुढे सगळ्याच गोष्टी अशा ठरू लागल्या आणि लोकांची नावंच पडली, देठवाले आणि दाणेवाले. आप्पा बैठकीला येताना कानामागे देठ अडकवूनच येत, म्हणजे गुप्त मतदानाचा नियम पहिल्यांदा तेच मोडत. माझ्याबद्दल तर कोणाला शंकाच नव्हती. "नाना, तुन्हा हात तांब्यामा गया का ज्वारी उगी येस," असं मला चिडवायचे. मी सगळ्या मतदानांची नोंद ठेवली आहे. पाहुण्याच्या विषयावर अठरा वर्षांत तेरा वेळा दाणा जिंकला, पाच वेळा देठ. मंडळावर कधी कर्ज झालं नाही. स्पर्धाही आम्ही कधी जिंकली नाही. दोन्ही आकडे माझ्याच वहीतले आहेत.

अलीकडे आप्पांचा पुतण्या त्यांना मोबाईलवर परदेशातले सामने दाखवायचा. आप्पांना सामन्यापेक्षा त्या क्लबांची भांडणं जास्त आवडायची. दुपारी मी दुकानावरून जाताना ते हाक मारायचे आणि सांगायचे की तिकडेही मालक पैसा सोडत नाही म्हणून प्रेक्षक फलक घेऊन उभे राहतात, आणि तिकडेही कोणी तरी उठून म्हणतं की क्लब बुडाला तर फलक कोणाला दाखवाल. "तठे बी एक नाना शे," ते म्हणायचे. त्यांना त्याचं समाधान वाटायचं. मलाही वाटायचं, पण मी कधी बोलून दाखवलं नाही.

आता युसुफचं सांगायला हवं. त्याला अकरा वर्षं झाली. त्या वर्षी देठ आठ, दाणे पाच, म्हणजे आप्पांचं म्हणणं मान्य झालं. बुऱ्हाणपूरचा युसुफ, वय पंचवीसेक, वीस हजारांवर ठरला. दहा आल्या आल्या मी त्याच्या हातावर ठेवले. तो आप्पांकडे उतरला. कमलवहिनींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी केली होती, त्याने चार भाकरी खाल्ल्या. त्याच दुपारी उपान्त्य सामना शाळेच्या मैदानावर झाला आणि त्याने दोन गोल केले. दुसरा गोल मी अजून डोळे मिटून बघू शकतो. मी, दाणेवाला, उडी मारून शेजारच्याच्या पायावर पडलो. त्या दिवशी घरी जाताना मला पहिल्यांदा वाटलं की आप्पांचं बरोबर असू शकेल.

अंतिम सामना दुसऱ्या दिवशी आमच्या पथारीवर होता, समोर लोणखेड्याचा संघ. आमची पोरं या मिरची मुरलेल्या मातीवर वाढलेली. पडलं की हात पाठीमागे पुसायचे, तोंडाला लावायचे नाहीत, घाम बाहीने टिपायचा, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. चालायला शिकतात तसंच हेही शिकतात. लोणखेड्याचे खेळाडूही दर वर्षी येणारे, त्यांना माहीत. युसुफला माहीत नव्हतं. विसाव्या मिनिटाला तो घसरून पडला, दोन्ही तळवे मातीत घासले गेले, उठला, आणि हाताने कपाळावरचा घाम पुसत तेच हात डोळ्यांवरून फिरवले. काही क्षण तो तसाच उभा राहिला. मग खाली बसला. कोणी तरी पाणी ओतलं, ते ओघळून नाकात गेलं, ओठांवर आलं. तो ओरडला नाही. नुसता बसून राहिला, हात पुढे धरून, जसे काही ते हात त्याचे नव्हतेच. आप्पांनी त्याला धरून शेडजवळच्या निंबाखाली नेलं आणि शेवटपर्यंत ओलं फडकं बदलत त्याच्या शेजारी बसले. त्यांनी तो अंतिम सामना पाहिलाच नाही. आम्ही एक शून्यने हरलो.

त्याच संध्याकाळी शेडमध्ये राहिलेल्या दहा हजारांचा विषय निघाला. मी म्हणालो, ठरलं होतं ते शेवटच्या सामन्यानंतर निम्मे असं. म्हणजे शेवटचा सामना खेळल्यानंतर. हा वीस मिनिटं खेळला. दीड दिवसाला दहा हजार मिळाले, ते कमी नाहीत. माझं बोलणं झाल्यावर सगळे आप्पांकडे बघू लागले. आप्पा बाहेरच्या लाल मातीकडे हात करून एवढंच बोलले, "आपन त्याले सांगं नही."

तांब्या फिरला. दाणे नऊ, देठ चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी युसुफ पॅसेंजरने भुसावळकडे गेला. डोळे अजून लाल होते. पैशांचं त्याने विचारलं नाही. निघताना कमलवहिनींना म्हणाला, "भाभी, रोटी बहुत अच्छी थी." हे मला त्यांनीच सांगितलं, पुष्कळ दिवसांनी.

त्यानंतर आप्पांच्या दोन सवयी सुरू झाल्या. पहिली अशी, की पथारीवर सामना असला की अर्धा तास आधी ते फाटकाशी ॲल्युमिनियमची किटली घेऊन उभे राहायचे. किटलीत ताक. बाहेरून आलेल्या प्रत्येक खेळाडूला, मग तो पाहुणा असो, समोरच्या संघातला असो की पंच असो, थांबवून सांगायचे, "डोयास्ले हात लावू नका. पडनात ते आधी इकडे या, हात ताकमा बुडावा, मंग तोंड धुवा." समोरच्या संघालाही सांगता म्हणून आमची पोरं कुरकुरायची. आप्पा ऐकायचे नाहीत. दुसरी सवय अशी की दर वर्षी बैठकीच्या सुरुवातीला ते एकच विषय मांडायचे. माझ्या वहीत दहा वर्षांच्या दहा पानांवर तो सारखाच लिहिलेला आहे. विषय पहिला : युसुफचे दहा हजार. नामंजूर. आप्पा भाषण करत नसत. तांब्या फिरे, दाणे मोजले जात, आणि ते म्हणत, चला, दुसरा विषय.

एकदा बाकावर आम्ही दोघेच असताना मी त्यांना विचारलं की एवढं मनाला लागलं आहे तर तुम्हीच का देऊन टाकत नाही. दहा हजार म्हणजे तुमच्या पाच मोटारी. ते तार गुंडाळत होते. "मी दिधात ते मन्हं फिटी," ते म्हणाले. "पथारीनं कसं फिटी?" आणि मला तारेचं दुसरं टोक धरायला सांगितलं.

एक गोष्ट मी इथे कबूल करतो. युसुफनंतर बुऱ्हाणपूरकडचा एकही खेळाडू आमच्याकडे यायला तयार झाला नाही. कोणी स्पष्ट नकार दिला नाही. सवड नाही, पाय दुखतो, बहिणीचं लग्न आहे, असं सांगायचे. पाहुण्यांवरचा खर्च आपोआप थांबला आणि शिल्लक वाढत गेली. मी ती दर वर्षी वाचून दाखवत होतो, थोड्या अभिमानाने. शिल्लक कशामुळे वाढते आहे ते मला कळत होतं.

सहा फेब्रुवारीची बैठक विकासने मागितली होती. विकास सत्तावीस वर्षांचा आहे, बँकांची वसुली करतो, बोलायला चांगला. तो म्हणाला की शेठच्या जागेची मोजणी झाली आहे, फार तर दोन हंगाम उरले आहेत. सुरतचे तिघे यायला तयार आहेत, त्यांना युसुफचं काही माहीत नाही. "एक डाव ते कप उचलू द्या नाना. पथारी गई मंग पैसा काय चाटसूत?" मी माझे आकडे सांगितले. कोरीटच्या एका शेतकऱ्याची पडीक जागा पाहून ठेवली होती, तो पंच्याहत्तर हजार अनामत मागत होता. साठ हजार खेळाडूंना दिले तर राहतात बावन्न हजार चारशे. जागा गेली. संघच उघड्यावर पडला तर कप ठेवणार कुठे? मग दोन्ही बाजूंनी आवाज चढले. कोणी मला कुलूप म्हणालं, कोणी विकासला लॉटरीवाला म्हणालं. शेवटी सगळे आप्पांकडे वळले. ते देठ टाकणार हे ठरलेलंच होतं, आणि ते बोलले तर दोन तीन दाणेही फिरले असते.

आप्पांनी कानामागचा देठ काढला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्या दिवशी ते थकलेले दिसत होते, पण ते मला आता आठवतं आहे. तेव्हा दिसलं होतं की नाही, सांगता येत नाही. ते म्हणाले, "आधी युसुफना द्या. मंग देठ टाका नही ते दाना टाका, मले काही नही." विकास म्हणाला, आप्पा, अकरा वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतं? आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "नाना, ज्यानं ऱ्हायनं त्यानं देतस नही, आनि नवास्ले शब्द देवाले निंघनूत."

ज्याचं राहिलं त्याचं देत नाही आणि नव्यांना शब्द द्यायला निघालो, असं ते. तांब्या समोर होता, दाणे आणि देठ समोर होते. त्या क्षणी मतदान घेतलं असतं तर काय झालं असतं ते मला आता माहीत आहे. पण दुकानात महिन्याचा ताळेबंद राहिला होता, मुलाचा दोनदा फोन येऊन गेला होता, आणि मी म्हणालो की विषय पुढच्या बैठकीत घेऊ. दहा वर्षांत पहिल्यांदा मी त्या विषयापुढे नामंजूर लिहिलं नाही. लिहिलं, पुढील बैठकीत. आप्पांनी वाकून ते वाचलं, मान हलवली आणि चप्पल घातली. नऊ दिवसांनी ते गेले.

त्या रविवारी त्यांच्या दारात मी कितीतरी माणसं पाहिली. लोणखेड्याचे जुने खेळाडू आले होते, खापरचे आले होते, ज्यांच्या विहिरींच्या मोटारी त्यांनी दुरुस्त केल्या ते शेतकरी आले होते. कोणी मोठ्याने रडत नव्हतं. एक पंच माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, या माणसाने मला दर सामन्याला तीच सूचना दिली, मी नंतर नंतर त्यांच्याआधीच म्हणून टाकायचो.

एक मार्चला बैठक झाली. हजर बारा. कमलवहिनींनी तांब्या घासून पाठवला होता. विषय पहिला मी मांडला. कारण विचारू नका, एवढंच म्हणालो, कोणी विचारलंही नाही. तांब्या फिरला आणि मी तो सतरंजीवर उपडा केला. देठ अकरा, दाणा एक. तो दाणा कोणाचा हे विचारायची रीत नाही. दुसरा विषय पाहुण्यांचा. दाणे सात, देठ पाच. म्हणजे यंदा बाहेरचं कोणी नाही, कोरीटच्या जागेची अनामत भरायची. विकास माझ्याकडे रागाने बघत होता. आमचा नियम सांगायचं नाही असा आहे, पण आप्पा तो कानावर मिरवून मोडत होते, तर मी एकदा छापून मोडतो. दुसऱ्या विषयाला मी आयुष्यात पहिल्यांदा देठ टाकला होता. हरलो.

आठ मार्चला विकास आणि मी बुऱ्हाणपूरला गेलो, आपापल्या तिकिटाने. युसुफचं आता मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे, केस पुढून गेले आहेत. त्याने मला ओळखलं नाही, पथारी म्हटल्यावर ओळखलं. मी पाकीट दिलं आणि कशाचं ते सांगितलं. त्याने नोटा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मला ते बरं वाटलं. "और ग्यारह साल का ब्याज?" त्याने विचारलं. विकासचा चेहरा उतरला. मी मात्र मनात आकडे मांडायला लागलो होतो, आणि ते त्याला दिसलं असावं, कारण तो हसायला लागला. मग त्याने आप्पांचं विचारलं. मी सांगितलं. त्याने काउंटरवरचा बोल्टचा डबा बंद करून बाजूला सारला आणि चहा मागवला. म्हणाला, अजूनही डोळ्याला हात लावायच्या आधी एकदा थांबतो, बायको हसते. निघताना त्याने विचारलं की यंदा कोणाला आणताय. कोणालाच नाही, मी म्हणालो. तो म्हणाला, "फिर तो आप लोग कभी नहीं जीतोगे." पोचपावतीवर सही केली. गाडीत विकास भुसावळ गेल्यावर म्हणाला, हा आप्पांसारखंच बोलतो.

बावीस मार्चला खापरच्या संघाबरोबर मैत्रीचा सामना होता. पथारीच्या एका बाजूची मिरची उचलली होती, तेवढ्यात आखलेलं मैदान. मी चार वाजता पोहोचलो. खापरची पोरं टेम्पोतून उतरत होती, त्यातली निम्मी नवी होती. एक जण आतापासूनच शिंकत होता. मी शेडमध्ये वही ठेवायला गेलो तेव्हा खिळ्यावर किटली लटकलेली दिसली. काढून बघितली. कोरडी होती, तळाला पांढरा थर धरलेला. अकरा वर्षांनी आम्ही तीच चूक पुन्हा करायला निघालो होतो. तेरा माणसांतलं एक गेलं, आणि उरलेल्या बारांतल्या एकालाही ताक आठवलं नव्हतं.

किटली घेऊन मी रस्त्यापलीकडे रुखमाबाईंकडे गेलो. त्या दूध ताक विकतात, चारा तिथेच ठेवतात. किटली ओळखून त्यांनी ती न विचारताच भरली. दर सामन्याला दोन लिटर, त्या म्हणाल्या, आप्पा सकाळीच सांगून जायचे आणि जागेवर पैसे द्यायचे, उधारी कधी नाही. मी तिथे उभा राहून मागची पानं आठवू लागलो. चेंडू आहे, चुना आहे, बर्फ, लिंबू, पंचांचा चहा आहे. अकरा वर्षांच्या वहीत ताक कुठेच नाही. चार रुपये कुठे गेले म्हणून टेम्पोत विचारणारा मी, हे ताक कुठून येतं असं एकदाही विचारलं नव्हतं. किती सामने, किती लिटर, असा हिशोब मी करायला लागलो होतो. अर्ध्यावर सोडून दिला.

फाटकाशी जाऊन उभा राहिलो. खापरचा गोलकीपर पहिला आला. मी त्याला सांगितलं, डोळ्यांना हात लावू नको, पडलास तर आधी इकडे ये. त्याने किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, ते दुसरे बाबा कुठे गेले?

त्या दिवसाच्या पानावरच्या नोंदी दोन. कोरीटच्या जागेची अनामत, पंच्याहत्तर हजार, जागामालकांना, धनादेशाने. आणि ताक, दोन लिटर, साठ रुपये, रुखमाबाईंना, रोख.